नाझारेची लाट

दर वर्षी सर्व संतांचा सण जवळ आला, की पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावरील नाझारे या कोळ्यांच्या गावी परक्या माणसांची गर्दी लोटू लागते. ही गर्दी यात्रेकरूंची नव्हे. यात्रेकरू सप्टेंबरातच येऊन गेलेले असतात. ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत जे येतात ते लाट पाहावयास येतात. तेथे समुद्रात शिरलेल्या एका कड्याच्या टोकास जुना किल्ला आहे. किल्ल्यावर तांबडे दीपगृह आहे. त्याच्या गच्चीवर माणसे मुंग्यांसारखी दाटलेली, आणि त्यांच्या पलीकडे सात-आठ मजली घराएवढी पाण्याची भिंत उभी राहिलेली, असे एक छायाचित्र आमच्या पुष्कळ वाचकांनी मुलांच्या मोबाईलवर पाहिले असेल. छायाचित्रकाराच्या दूरदर्शी भिंगामुळे लाट दीपगृहाला अगदी खेटून असल्यासारखी दिसते; प्रत्यक्षात ती बरीच पलीकडे फुटते. परंतु तिची उंची मात्र खरी आहे. त्या भिंतीच्या अंगावरून एक ठिपका खाली घसरत असतो. तो ठिपका म्हणजे फळीवर उभा राहिलेला माणूस. या खेळास सर्फिंग म्हणतात.

त्या माणसाच्या धाडसाचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. आम्हांस कुतूहल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. हवाई बेटांतून, ब्राझिलातून, जर्मनीतून निघालेले हे लोक नेमक्या त्याच दिवशी तेथे कसे जमतात? लाट काही पत्र पाठवून येत नाही. आणि ज्या दिवशी ती येते त्या दिवशी नाझारेच्या माथ्यावर पुष्कळदा स्वच्छ ऊन पडलेले असते, वारा पडलेला असतो. वादळाचा मागमूसही नसतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या किनाऱ्यावरील कुटुंबांनाही ठाऊक असावयास हवे असे आम्हांस वाटते. ते का, हे पुढे येईलच.

प्रथम गावाची ओळख करून घेऊ. नाझारे हे नाव आपल्या प्रभूच्या नाझरेथ गावावरून पडले. आख्यायिका अशी, की पवित्र मरियामातेची एक लहानशी काळी लाकडी मूर्ती नाझरेथहून फिरत फिरत आठव्या शतकात या कड्यावर आली आणि एका कपारीत लपविली गेली. पुढे ११८२ साली १४ सप्टेंबरच्या सकाळी दोम फुआस रूपिन्यो नावाचा सरदार दाट धुक्यात एका हरिणाचा पाठलाग करीत घोडा फेकीत आला. हरीण कड्यावरून खाली गेले. सरदाराने मरियामातेचा धावा केला, आणि घोड्याचे पाय कड्याच्या अगदी काठावर थिजून राहिले. त्या जागी त्याने बांधलेले चिमुकले देऊळ आजही आहे, आणि जवळच मोठे तीर्थमंदिर आहे. ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, तेथे मोठा सण होतो. वास्को द गामा हिंदुस्थानास निघण्यापूर्वी येथे प्रार्थनेस आला होता असे तेथील लोक सांगतात. संत फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयीही तीच परंपरा आहे. हे संत ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून जहाजावर चढले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. म्हणजे आमच्या गोवेकर वाचकांस हे गाव अगदीच परके नव्हे.

गाव दोन पातळ्यांवर वसले आहे. कड्यावर सीतियू, म्हणजे देवस्थानाची वस्ती, आणि खाली वाळूवर कोळीवाडा. दोहोंना जोडणारी दोरखेच रेल्वे १८८९ पासून चालू आहे. खालच्या वस्तीची कहाणी मात्र दुःखाची आहे. १९८० च्या दशकात बंदर बांधले जाईपर्यंत येथील होड्या थेट वाळूवरून लाटांत लोटाव्या लागत आणि परतताना बैलांकरवी ओढून काढाव्या लागत. होडीचा नाळेकडचा भाग उंच वळविलेला असे, तो लाट फोडण्यासाठीच. जाणे आणि येणे या दोन घटकाच जिवावरच्या असत. किती होड्या किनाऱ्याच्या डोळ्यांदेखत उलटल्या, किती आयांनी आणि बायकांनी आपली माणसे पन्नास पावलांवर बुडताना पाहिली, याचे स्मरण तेथील काळ्या वस्त्रांत राहिले आहे.

तेथील कोळणी सात घागरे घालतात. त्याची अनेक कारणे सांगितली जातात. वाळूवर तासन्‌तास वाट पाहत बसावयाचे, तेव्हा वरचे घागरे डोक्याखांद्यांवर घ्यावयाचे आणि खालचे पायांभोवती, हे एक. दुसरे आम्हांस विशेष वाटते: सात घागरे म्हणजे सात लाटा. लाटा मोजावयाच्या, मोठ्या लाटा सरल्या की शांत अवसर येतो, त्या अवसरात होडी आत घ्यावयाची. वाट पाहणाऱ्या बाईला मोजणीत चूक करून चालत नसे. लाट नेमकी सातवीच मोठी असते असे काही शास्त्र म्हणत नाही. परंतु लाटा टोळीटोळीने येतात आणि मध्ये फसवी शांतता असते, ही गोष्ट पूर्णपणे खरी आहे. त्या स्त्रियांनी ती ग्रंथावाचून ओळखली होती.

आता लाटेकडे वळू. आपण किनाऱ्यावर पाहतो ती प्रत्येक लाट तेथेच जन्मलेली नसते. वाऱ्याने पाणी खवळते, हे खरे. पण तो वारा दोन हजार किलोमीटर दूर असू शकतो. हिवाळ्यात ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्या दक्षिणेस उत्तर अटलांटिक महासागरावर एकामागून एक प्रचंड वादळे उठतात. वारा जितका जोराचा, जितका वेळ टिकलेला आणि जितक्या विस्तीर्ण पाण्यावरून वाहिलेला, तितकी लाट मोठी. वादळाखाली समुद्र नुसता अस्ताव्यस्त असतो. परंतु तेथून बाहेर पडल्यावर लाटा आपोआप निवडल्या जातात. लांब पल्ल्याच्या लाटा जलद धावतात, आखूड लाटा मागे राहतात व विरतात. तळ्यात धोंडा टाकला की वलये काठाकडे निघतात, तशा या लाटा वादळ शमल्यावरही पुढे चालतच राहतात.

यात मोजण्याची मुख्य वस्तू म्हणजे आवर्तनकाल, अर्थात एक शिखर गेल्यापासून दुसरे येईपर्यंतची सेकंदे. जवळच्या वाऱ्याची लाट पाच-सात सेकंदांनी येते. दूरच्या मोठ्या वादळाची लाट सोळा, अठरा, कधी वीस सेकंदांनी येते. अठरा सेकंदांच्या लाटेची खोल समुद्रातील लांबी सुमारे ५०० मीटर असते, आणि तिची टोळी ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने प्रवास करते. म्हणजे २,४०० किलोमीटरांवरील वादळाचा निरोप दोन दिवसांनी किनाऱ्यास पोहोचतो. पत्र पाठविले जातेच म्हणावयाचे. ते वाचणारा मात्र हवा. उपग्रह, समुद्रात नांगरलेले तरंगते मापक आणि संगणक यांच्या साहाय्याने आज वादळाचे माप घेतले जाते, आणि लाट निघण्यापूर्वीच ती कोठे, कधी, केवढी पोहोचेल याचा कयास करता येतो. सर्फिंग करणारे हाच अंदाज पाहून विमानाचे तिकीट काढतात.

ही विद्या जुनी नाही, आणि ती खेळासाठी जन्मली नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना होड्यांतून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवावयाचे होते. उंच लाटांत होड्या उलटल्या तर गोळी लागण्यापूर्वीच माणसे बुडणार. तेव्हा हाराल्ड स्वेर्द्रुप आणि वॉल्टर मंक या दोघा शास्त्रज्ञांनी वाऱ्यावरून लाटांचे भाकीत करण्याची रीत बसविली. नॉर्मंडीवरील उतरण ५ जून १९४४ रोजी ठरली होती, ती खराब हवेमुळे एक दिवस पुढे ढकलून ६ जूनला झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. पुढे १९६३ साली मंक यांनी दक्षिण ध्रुवाकडील वादळांच्या लाटांचा न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, सबंध प्रशांत महासागर ओलांडून, माग काढून दाखविला. लाट पृथ्वीचा केवढा पल्ला न थकता चालू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

पण अटलांटिकच्या लाटा तर साऱ्या पोर्तुगालच्या किनाऱ्यावर येतात. मग नाझारेलाच हा मान का? त्याचे कारण पाण्याखाली आहे. गावासमोर समुद्राच्या तळाशी एक अफाट दरी आहे. तिचे मुख किनाऱ्यापासून एक किलोमीटरही दूर नाही. तेथून ती पश्चिमेस दोनशे किलोमीटरांहून अधिक लांब जाते, आणि शेवटी तिची खोली सुमारे ५,००० मीटरपर्यंत पोहोचते. उथळ पाण्यात लाटेचा तळ जमिनीस घासतो आणि ती मंदावते. दरीवरून येणारा तिचा भाग मात्र खाली अडथळा नसल्यामुळे वेग न गमावता येतो. आपल्या सणाच्या मिरवणुकीत ओळीने चालणारी माणसे डोळ्यांपुढे आणावी. ओळीचे एक टोक डांबरी रस्त्यावर आणि दुसरे टोक वाळूत असेल, तर वाळूतले मागे पडतात, रस्त्यावरचे पुढे जातात, आणि सबंध ओळ वाळूच्या बाजूस वळते. नाझारेला असेच होते. दरीवरून जलद आलेली लाट उत्तरेकडील उथळ भागाकडे वळते आणि तेथून सरळ येणाऱ्या लाटेस जाऊन मिळते. दोन शिखरे एकमेकांवर चढतात. त्यात किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहत येऊन कड्याशी अडलेले पाणी उलट समुद्राकडे रेटते, आणि येणाऱ्या लाटेस आणखी उचलते. हे सारे कड्याच्या उत्तरेकडील प्राइया दो नोर्ते नावाच्या वाळूसमोर घडते. कड्याच्या दक्षिणेस, कोळीवाड्यापुढे, त्याच दिवशी पाणी पुष्कळच निवलेले असते. एका कड्याच्या दोन बाजू, आणि दोन वेगळे समुद्र!

गावचे लोक उत्तरेच्या वाळूकडे शतकानुशतके भयानेच पाहत आले. तेथे पोहावयास जाणे म्हणजे मरणास बोलावणे. २००५ साली गावच्याच दीनो काझिमीरू या लाटांच्या शौकिनाने हवाई बेटांतील गॅरेट मॅकनामारा यांस तेथील लाटांविषयी लिहिले. मॅकनामारा २०१० साली आले. त्यांनी एकदम उडी घेतली नाही. आधी दरीचा नकाशा अभ्यासला, वाऱ्याची व लाटांची नोंद पाहिली, कोठे प्रवाह ओढतो हे जाणून घेतले. १ नोव्हेंबर २०११ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशीच, ते २३.७७ मीटर उंचीच्या लाटेवरून उतरले, आणि नाझारेचे नाव जगभर झाले. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी ब्राझीलच्या रॉड्रिगो कॉक्सा यांनी २४.३८ मीटरांची, तर २९ ऑक्टोबर २०२० रोजी जर्मनीच्या सेबास्टियन श्टॉइट्नर यांनी २६.२१ मीटरांची लाट सर केली.

आकड्यांची ही चढाओढ आम्हांस फारशी मोह घालीत नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २८ ऑक्टोबर २०१३ रोजी ब्राझीलची माया गाबेइरा ही तरुणी तेथे लाटेखाली सापडून बेशुद्ध झाली. सहकाऱ्याने तिला वाळूवर ओढून आणले व छाती दाबून श्वास परत आणला. ती पुढे वर्षानुवर्षे दुखण्याशी झगडली आणि २०२० साली त्याच ठिकाणी २२.४ मीटरांच्या लाटेवर स्वार झाली. मार्सियू फ्रेइरे हा ब्राझीलचाच अनुभवी गडी मात्र ५ जानेवारी २०२३ रोजी तेथेच मरण पावला. या लोकांजवळ फुगणारी जाकिटे असतात, पाण्यावर धावणाऱ्या मोटारी असतात, किल्ल्यावरून दुर्बीण लावून सूचना देणारा साथीदार असतो आणि तासातासाचा अंदाज हाती असतो. तरी असे घडते. जुन्या कोळ्याजवळ यांतले काय होते? एक होडी, चार वल्ही, आणि वाळूवर लाटा मोजीत बसलेली बायको.

किल्ल्याजवळ अलीकडे फळी घेतलेल्या माणसाचा एक पुतळा उभारला आहे. त्याचे मस्तक हरिणाचे आहे. दोम फुआसची कथा आणि नवा खेळ यांची सांगड त्यात घातली आहे. पुतळा विचित्र दिसतो हे खरे, पण आम्हांस तो अगदीच गैर वाटला नाही. धुक्यात कड्याच्या काठाशी आलेल्या घोड्याची आठवण त्या जागी कोणीतरी करून देणे बरेच.

आता आपल्या घराकडे येऊ. नाझारेची दरी आपल्यापाशी नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर सव्वीस मीटरांची लाट येत नाही. परंतु दूरच्या वादळाची लाट निरभ्र आकाशाखाली येते, हा नियम हिंदी महासागरासही लागू आहे. केरळचे कोळी अशा समुद्रास कळ्ळक्कडल म्हणतात. म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. वारा नाही, पाऊस नाही, आणि पाणी एकाएकी वाळू ओलांडून घरांत शिरते. ही लाट विषुववृत्ताच्या दक्षिणेस, पार बर्फाळ समुद्राच्या बाजूस जन्मते आणि पाच-सहा दिवसांचा प्रवास करून आपल्याकडे येते. पावसाळ्यापूर्वीच्या एप्रिल-मे महिन्यांत तिचा उपद्रव अधिक. गोवा आणि कोकणपट्टीपर्यंतही तिची झळ पोहोचते. आणि नेमके हेच महिने आपल्या मुलांच्या सुट्टीचे व लग्नसमारंभांचे. मे २०२४ च्या आरंभी अशाच लाटांविषयी सरकारी इशारा निघाला होता. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर फिरावयास गेलेले पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी लाटेने ओढून नेले. पाचही घरांत डॉक्टर मुलाची किंवा मुलीची वाट पाहिली जात होती.

कन्याकुमारीचा किनारा हा पुष्कळ अंशी आपल्याच धर्मबांधवांच्या कोळीवाड्यांचा किनारा आहे. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आले तेव्हा तेथील आणि केरळातील होड्या इशारा मिळण्यापूर्वीच खोल समुद्रात गेल्या होत्या. शेकडो माणसे परत आली नाहीत. काही होड्या वाहत, भरकटत देवगडच्या बंदरापर्यंत येऊन लागल्या. तेथील लोकांनी त्यांना अन्नवस्त्र दिले. त्याच सुमारास, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाच्या दिवसांत, वादळ गोव्यापासून कितीतरी दूर असतानाही पाणी किनाऱ्यावरील खोपटांत शिरले. वादळ आले नाही, पण त्याची लाट आली.

आमच्या हैदराबादच्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल, की या साऱ्या लाटांवर नजर ठेवणारी संस्था त्यांच्याच शहरात आहे. समुद्रापासून इतक्या दूर, दगडधोंड्यांच्या माळावर, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ पासून काम करीत आहे. लोक त्यास इनकॉइस या आद्याक्षरी नावाने ओळखतात. येथून गोवा, महाराष्ट्र आणि इतर किनाऱ्यांसाठी लाटांची उंची, आवर्तनकाल, दिशा, वारा व प्रवाह यांचा अंदाज रोज निघतो, आणि कोळ्यांना मोबाईलवरही मिळतो. बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याहून मे महिन्यात मुलाबाळांसह गोव्यास जाणाऱ्या कुटुंबांनी पावसाचा अंदाज पाहावाच, पण त्याबरोबर हाही पाहावा. दोन्ही वेगळे आहेत.

तो वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली आवर्तनकालाची. दोन मीटरांची लाट आठ सेकंदांनी येणारी असेल तर ती एक, आणि अठरा सेकंदांनी येणारी असेल तर ती दुसरीच. उंची तीच असली तरी दुसरीचे बळ दुपटीहून अधिक असते, आणि ती वाळूवर कितीतरी आतपर्यंत चढते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अंदाजात जी उंची देतात ती सर्वांत मोठ्या लाटेची नव्हे. आलेल्या लाटांपैकी मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्याच दिवशी एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. दोन मीटर असे छापले असेल तर चार मीटरांची लाटही त्या दिवसाच्या पोटात आहे असे समजावे. ती केव्हा येईल हे कोणतेही यंत्र सांगत नाही. खडकावर जाऊन फोटो काढणाऱ्या मुलांनी पाच मिनिटे पाणी पाहिलेले असते आणि त्या पाच मिनिटांत ते शांत असते. नाझारेच्या बाया यास शांत समुद्र म्हणत नसत. त्या मोजीत राहत. निदान वीस मिनिटे समुद्राकडे नुसते पाहावे, ओल्या वाळूची आणि ओल्या खडकाची रेघ कोठपर्यंत गेली आहे ते न्याहाळावे, आणि रेघेच्या पुष्कळ अलीकडे थांबावे. गोव्याच्या किनाऱ्यावर जीवरक्षक तांबडे निशाण लावतात ते याच कारणाने; आकाश निळे आहे म्हणून त्यांच्याशी वाद घालू नये.

आपल्या कोळीबांधवांस हे सांगण्याची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या असतात. कायद्यानेही मासेमारी बंद, आणि समुद्रही आपला दरवाजा लावून घेतो. मध्येच २९ जूनला संत पेत्र आणि संत पौल यांचा सण येतो. बारदेसच्या काही गावांत त्या दिवशी दोन होड्या एकत्र बांधून, वर देवळासारखा मांडव सजवून सांगोड काढतात. गाणी होतात, वाद्ये वाजतात, पाऊस कोसळत असतो. पण सांगोड खाडीतच फिरते. भरल्या अंगाने वाहणाऱ्या नदीच्या मुखाशी पांढरा फेस दिसू लागला, की नाखवा होडी वळवितो.